मोठा ब्लूटूथ स्पीकर पारखताना

या वेळच्या प्रश्नांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: हँडल किंवा चाकं असलेला, स्वतःची बॅटरी असलेला मोठा ब्लूटूथ स्पीकर चांगला की वाईट हे ओळखायचं कसं? म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे.

प्रश्न : एका ट्रॉली स्पीकरच्या खोक्यावर ‘१०,००० वॅट पीएमपीओ’ छापलं आहे आणि तो स्वस्त आहे. शेजारचा ‘१०० वॅट आरएमएस’वाला जवळपास दुप्पट महाग. दुकानदार म्हणतो, वॅट बघून घ्या. आम्ही नक्की काय बघायचं? (वाचक, सांगली)

पीएमपीओचा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे छापणारा वाटेल तो आकडा छापू शकतो. आरएमएस म्हणजे ॲम्प्लिफायर सतत किती शक्ती देतो, त्याचा आकडा. त्यातही एक मेख आहे. आवाज १ टक्का फाटेपर्यंत मोजला की १० टक्के, यावर तोच ॲम्प्लिफायर साधारण पाव पटीने कमी-जास्त दिसतो. प्रामाणिक कंपनी ही टक्केवारी माहितीपत्रकात देते.

खोक्यावरचा दावा तुम्ही स्वतः तपासू शकता. स्पीकरच्या मागे बॅटरीचे व्होल्ट लिहिलेले असतात. ट्रॉली स्पीकरमध्ये ते बहुधा १२ असतात. १२ ला १.४१ ने भागलं की साधारण ८.५ येतात. त्यांचा वर्ग ७२. स्पीकरचा विद्युत रोध ४ ओहम असेल तर ७२ भागिले ४, म्हणजे १८ वॅट. सरळ १२ व्होल्टवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या डाव्या किंवा उजव्या अशा एका बाजूतून स्वच्छ आवाजात एवढेच वॅट निघतात, दोन्ही बाजूंतून ३६. काही स्पीकरांत आधी व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं, तिथे जास्त निघतात. पण ती शक्तीसुद्धा शेवटी बॅटरीतूनच यायची. १२ व्होल्टच्या बॅटरीतून सलग १०० वॅट काढायचे तर नऊ-दहा अँपिअर ओढावे लागतात. १०,००० वॅटला आठशेहून जास्त अँपिअर लागतील. मोटारीचा स्टार्टरही एवढे ओढत नाही.

आता वॅट खरे आहेत असं धरलं, तरी त्यावरून आवाज ठरत नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्याहून महत्त्वाची आहे स्पीकरची संवेदनशीलता: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात ते. ८६ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट द्या आणि ९२ डेसिबलच्या स्पीकरला २५ वॅट द्या, दोन्ही सारखेच वाजतात. हा आकडा किंवा ‘कमाल डेसिबल’ माहितीपत्रकात असेल तर वॅटआधी तो वाचा.

बेसचा हिशोब वेगळा. तो हलणाऱ्या हवेवर अवलंबून असतो, म्हणजे कोन (स्पीकरचा शंकूसारखा हलणारा पडदा) किती मोठा आणि किती पुढे-मागे जातो यावर. ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झचा, म्हणजे आणखी खालचा सूर तितक्याच जोरात ऐकवायचा तर चौपट हवा हलवावी लागते. म्हणून छोट्या वूफरच्या (खालचे सूर देणाऱ्या स्पीकरच्या) खोक्यावर ‘४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ छापलेलं दिसलं तर पुढे ‘±३ डेसिबल’ असं, म्हणजे त्या पट्ट्यात आवाज किती कमी-जास्त होतो ते सांगणारं, काही आहे का ते बघा. नसेल तर ४० हर्ट्झ येतोही, पण इतका दबलेला की गाण्यात तो सापडत नाही.

तुमच्या दोन स्पीकरांपुरतं सांगायचं तर वूफरचा व्यास, वजन आणि बॅटरीचे वॅट-तास (व्होल्ट गुणिले अँपिअर-तास) हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. मग ऐका. निकाल ऐकूनच लागतो.

प्रश्न : दुकानात दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात सगळेच स्पीकर भारी वाटतात. ऐकताना काय काय तपासावं, क्रमाने सांगाल का? (वाचक, ठाणे)

दुकानदार त्याची गाणी लावतो. ती स्पीकर खुलून दिसावा म्हणून निवडलेली असतात. तेव्हा तुमच्या फोनमध्ये तुमची गाणी आधीच उतरवून न्या, चांगल्या दर्जाची. तीन पुरतात: एक संथ गाणं, ज्यात बाईचा आवाज आणि मोजकी वाद्यं आहेत, एक तबल्याचं, ज्यात डग्गा मोकळा ऐकू येतो, आणि एक गजबजलेलं, ज्यात कोरस, झांजा, ढोलकी सगळं एकदम आहे. फोनमधला इक्वलायझर बंद करा. स्पीकरवरचं ‘बेस बूस्ट’चं बटण आणि दिवेही बंद.

स्पीकर कोपऱ्यात असेल तर बाहेर काढून घ्या. जमीन, भिंत, दुसरी भिंत अशा प्रत्येक पृष्ठभागाला चिकटल्यावर खालचे सूर ६ डेसिबलपर्यंत फुगू शकतात. कोपऱ्यातला स्वस्त स्पीकर मग मधोमध ठेवलेल्या महागड्यापेक्षा दणकट वाटतो. दोन स्पीकर ताडून बघायचे असतील तर दोन्ही एकाच जागी ठेवा आणि आवाज सारखा करून घ्या. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप अचूक नसतं, पण दोन स्पीकर एकाच पातळीला आणायला ते पुरेसं आहे. हे टाळू नका, कारण किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर आपल्या कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो.

सुरुवात हळू आवाजात. गायिकेचे शब्द स्पष्ट कळतात का? ‘स’, ‘श’, ‘च’ कानाला टोचतात का? आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो का? मधल्या सुरांत खोट असलेला स्पीकर इथेच पकडला जातो, आणि ही खोट पुढे कुठल्याच सेटिंगने पूर्ण जात नाही.

मग तबला. डग्ग्यावर मनगट दाबून वादक सूर वर चढवतो, तो घुमारा चढताना ऐकू यायला हवा. फुगवलेल्या बेसच्या स्पीकरमध्ये डग्ग्याचा प्रत्येक ठोका एकाच सुरात ‘धुम, धुम’ येतो, कारण खोकं स्वतःच्याच एका सुरावर वाजत असतं. बेस भरपूर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्या बेसमध्ये वेगवेगळे सूर ओळखू येतात का ते बघा. झांजेचंही तसंच. ती वाजून विरत गेली पाहिजे. नुसतं ‘छस्स’ होऊन संपत असेल तर ट्वीटर (वरचे सूर देणारा छोटा स्पीकर) हलका आहे.

आता आवाज ३० टक्के, ६० टक्के, ९० टक्के असा चढवत न्या, गाण्याचा तोच तुकडा परत परत लावून. मोठे स्पीकर इथेच वेगळे पडतात. जवळजवळ सगळ्याच कंपन्या हळू आवाजात बेस मुद्दाम वाढवून देतात, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की वूफर फाटू नये म्हणून आतलं सर्किट बेस कमी करत जातं. थोडा कमी होणं रास्त आहे. पण ९० टक्क्यांवर ढोलकीची फक्त शाई वाजते आणि धुम गायब, असं झालं तर तो स्पीकर तुमच्या अंगणासाठी पुरणार नाही, मग ६० टक्क्यांवर कितीही गोड वाजो. आणखी एक खूण: प्रत्येक जोरदार ठोक्याला गाणाऱ्याचा आवाज खाली दबतो आणि पुन्हा वर येतो. संरक्षक सर्किट मर्यादेवर पोहोचल्याचं ते लक्षण आहे.

चालू गाण्यात स्पीकरच्या समोरून एका बाजूला चालत जा, साधारण ४५ अंशांपर्यंत. शब्द मंद झाले तर कार्यक्रमात बाजूला बसणाऱ्यांना नुसता बेस ऐकू येणार.

शेवटी टोन जनरेटरचं, म्हणजे हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं, एखादं मोफत ॲप लावा. मध्यम आवाजात २०० हर्ट्झपासून सावकाश ४० पर्यंत खाली या. कुठे जाळी खरखरते, हँडल थरथरतं, पोर्टमधून (खोक्याला ठेवलेल्या हवेच्या भोकातून) हवा ‘फुस्स’ करते, ते इथे उघडं पडतं. सूर ज्या आकड्यापाशी झपकन विझतो ती त्या स्पीकरची खरी खालची हद्द. हा प्रयोग पूर्ण आवाजात करू नका आणि एका सुरावर काही सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. अखंड सुराने कोनमागची तारेची कॉईल गाण्यापेक्षा फार लवकर तापते.

गाणं थांबवल्यावर कान जवळ नेऊन सुसकारा किती येतो तेही ऐका. एक मीटरवरून तो ऐकू येत नसेल तर ठीक.

प्रश्न : समोर चार गोल दिसतात, सगळे दिव्यांनी सजलेले. हे सगळे खरे स्पीकर असतात का? (वाचक, सोलापूर)

नेहमी नाही. वर्तमानपत्राची नळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं एकेका गोलासमोर धरून हळू आवाजात ऐका. खरा ट्वीटर फक्त बारीक, वरचा आवाज देईल, वूफर जाड. ज्यातून काहीच वेगळं येत नाही तो शोभेचा.

यात एक अपवाद लक्षात ठेवा. काही चांगल्या स्पीकरांच्या बाजूंना किंवा मागे तारा न जोडलेला, नुसता थरथरणारा गोल असतो. तो पॅसिव्ह रेडिएटर. आतल्या वूफरने हवा ढकलली की तो हलतो आणि खालचे सूर वाढवतो, म्हणजे पोर्टचंच काम करतो. बेसचं गाणं लावून त्यावर हलकेच बोट टेका. स्पष्ट हलत असेल तर तो कामाचा आहे. दोन असतील तर ते समोरासमोरच्या बाजूंना बसवलेले बरे. धक्के एकमेकांना रद्द करतात आणि स्पीकर टेबलावरून सरकत नाही.

प्रश्न : खोक्यावर १८ तास लिहिलं होतं, प्रत्यक्षात पाच तासांत स्पीकर बंद. बॅटरी खराब निघाली का? (वाचक, अकोला)

बहुधा नाही. गणित करून बघा. तुमच्या स्पीकरवर समजा ७.२ व्होल्ट, १०,००० मिलीअँपिअर-तास लिहिलं आहे. गुणाकार ७२ वॅट-तास. ७२ भागिले १८, म्हणजे सरासरी ४ वॅट. एवढ्यात खोलीत बसून गप्पा मारताना ऐकावं तसंच वाजतं, आणि १८ तासांचा दावा तशाच आवाजावर, दिवे आणि बेस बूस्ट बंद ठेवून केलेला असतो. बेस ६ डेसिबलने उचलला की त्या सुरांना चौपट शक्ती लागते. पूर्ण आवाजात पाच तास मिळत असतील तर ही बॅटरी आपलं काम करते आहे.

विकत घेतानाही मिलीअँपिअरवर जाऊ नका, वॅट-तास विचारा. ३.७ व्होल्टवरचे १०,००० आणि ७.४ व्होल्टवरचे १०,००० यात दुपटीचा फरक आहे, पण खोक्यावर दोन्ही सारखेच दिसतात. गल्फमधून किंवा परदेशातून विमानाने स्पीकर आणणाऱ्यांनी तर हा आकडा बघितलाच पाहिजे: १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी साधारणपणे नेता येते, १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते.

बॅटरी थकली का हे कळायला पहिल्याच आठवड्यात एक नोंद करून ठेवा: पूर्ण चार्ज, आवाज नेमका अर्ध्यावर, ठरावीक गाण्यांची यादी, किती तास चालला. सहा महिन्यांनी तेच परत करा. वेळ सत्तर टक्क्यांच्या खाली आली की बॅटरी बदलायला झाली.

सांभाळायची रीत मात्र आत कोणती बॅटरी आहे त्यावर ठरते, आणि इथे खूप जणांची गल्लत होते. लिथियम बॅटरी महिनोन् महिने ठेवायची असेल तर अर्धी चार्ज करून, थंड जागी ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत ती सगळ्यात लवकर म्हातारी होते. ट्रॉली स्पीकरमधली शिशाची १२ व्होल्टची बॅटरी याच्या अगदी उलट. ती कायम भरलेलीच हवी. गणपतीनंतर रिकामी करून माळ्यावर टाकली आणि पुढच्या गणपतीला काढली, तर तोवर तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण खडे जमलेले असतात. मग ती चार्ज झाल्यासारखी दाखवते आणि पंधरा मिनिटांत बसते. महिन्यातून एकदा चार्ज करा. मल्टिमीटर असेल तर चार्ज केल्यावर काही तास तशीच ठेवून मोजा: १२.७ ते १२.८ व्होल्ट म्हणजे तब्येत चांगली, १२.४ च्या खाली म्हणजे थकली. तिच्या बाजूने एक सोय आहे: १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची ही बॅटरी संगणकाच्या यूपीएसमध्येही असते, त्यामुळे तालुक्याच्या गावीसुद्धा बदलून मिळते. फुगलेली बॅटरी, कुठलीही असो, पुन्हा चार्जिंगला लावू नका.

प्रश्न : आमचं महिला भजनी मंडळ आहे. बारा-पंधरा जणी, पेटी, तबला, टाळ. देवळाच्या सभामंडपात साठ-सत्तर माणसं असतात. मोठा ब्लूटूथ स्पीकर आणि दोन माईक एवढ्यावर भागेल का? (वाचक, चिपळूण)

ताई, भागेल. मात्र तुम्ही स्पीकर ब्लूटूथपेक्षा त्याच्या माईकच्या बाजूवरून निवडा, कारण तुमचं सगळं काम तिथे आहे.

आधी आवाज पुरेल का ते बघू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. १ मीटरवर न फाटता १०० डेसिबल देणारा स्पीकर २ मीटरवर ९४, ४ वर ८८ आणि ८ मीटरवर ८२ देईल. मंडपात भिंतींमुळे त्याहून थोडा जास्तच. नेहमीचं बोलणं १ मीटरवर साठ-पासष्ट डेसिबल असतं, म्हणजे शेवटच्या रांगेलाही अभंग स्वच्छ पोचेल. टाळ आणि तबला तर माईकशिवायच पोचतात. त्यांना माईक देऊ नका.

आता मागचं पॅनेल बघा. मोठ्या पिनच्या, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या दोन माईक जागा हव्यात आणि दोन्हींचे व्हॉल्यूम वेगळे हवेत. स्वस्त स्पीकरांत दोन माईकांना मिळून एकच नॉब असतो. मग पेटीपाशी धरलेला माईक कमी करायला गेलं की गाणारीचाही कमी होतो. दुसरी खोड एकोची, म्हणजे माईकच्या आवाजामागे मुद्दाम जोडलेल्या प्रतिध्वनीची. एकोचा नॉब पूर्ण उलटा फिरवून, म्हणजे तो बंद करून, माईकमध्ये ‘पांडुरंग, पांडुरंग’ म्हणा. शेवटच्या ‘ग’च्या मागे शेपूट राहत असेल तर तो स्पीकर घेऊ नका. दगडी किंवा फरशीच्या मंडपात आधीच घुमारा असतो, त्यात हा एको मिसळला की शब्द कळेनासे होतात. आणि भजनात शब्दच तर ऐकायचे असतात.

माईक शिट्टी मारू नये यासाठी स्पीकर गाणाऱ्यांच्या मागे कधीच नको. तो माईकच्या पुढे आणि थोडा बाजूला, तोंड श्रोत्यांकडे. बुडाला ३५ मिलिमीटरची खोबण असेल तर स्टँडवर चढवा. बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून आवाज गेला की पुढच्या रांगेचे कान दुखत नाहीत आणि मागची रांग तक्रार करत नाही. माईक तोंडापासून पाच ते दहा सेंटिमीटरवर धरा. वीस सेंटिमीटरवरचा माईक दहावर आणला की ६ डेसिबल फुकट मिळतात, आणि तेवढा नॉब खाली करता येतो. जी गात नाही तिचा माईक बंद ठेवा. दर दुप्पट उघड्या माईकांमागे शिट्टीची हद्द ३ डेसिबलने जवळ येते. माईक चालू असताना बेस बूस्ट बंद, नाहीतर हात लागल्याचे धक्के ढोलासारखे वाजतात.

बिनतारी माईक हवे असतील तर स्वतंत्र रिसीव्हर असलेले यूएचएफ (ब्लूटूथऐवजी वेगळ्या रेडिओ लहरींवर चालणारे) माईक घ्या. स्पीकरला ब्लूटूथने जोडले जाणारे माईक नकोत. ब्लूटूथमधून आवाज दशांश-दोन दशांश सेकंद उशिरा येतो. आपलाच आवाज तेवढा मागून ऐकू आला की भल्याभल्यांची लय सुटते. फोनवरचा तानपुरा किंवा तालाचं ॲप मात्र ब्लूटूथवर खुशाल लावा. तो उशीर सगळ्यांना सारखाच असतो आणि सगळ्या जणी स्पीकरमधूनच ऐकून गातात, त्यामुळे काही बिघडत नाही.

प्रश्न : ब्लूटूथ ५.० ऐवजी ५.३ असेल तर आवाज चांगला येतो का? एलडॅक हवंच का? (वाचक, पुणे)

५.० की ५.३ याने नेहमीच्या गाण्याचा दर्जा बदलत नाही. फरक कोडेकने, म्हणजे ब्लूटूथवर गाणं आवळून पाठवायच्या पद्धतीने पडतो (एसबीसी, एएसी, एलडॅक ही अशा पद्धतींचीच नावं), आणि मोठ्या स्पीकरला अंगणात ऐकताना तोही थोडाच. सगळ्यांकडे असणारं एसबीसी सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जातं. पार्टी, भजन, कवायत यासाठी ते पुरेसं आहे. आयफोन असेल तर स्पीकरमध्ये एएसी असावं. एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जातं, पण वूफर आणि खोकं हलकं असेल तर त्याचा उपयोग नाही. पैसे वूफरवर घाला. फोन आणि स्पीकरमध्ये गर्दी उभी राहिली की आवाज तुटतो, कारण माणसाचं शरीर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. फोन उंचावर ठेवा.

प्रश्न : आयपी ६७ लिहिलेला स्पीकर समुद्रावर न्यायला हरकत नाही ना? (वाचक, मडगाव)

पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून तपासलेला. आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल तर ती चाचणीच झालेली नाही. आयपी एक्स४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरता बचाव, वाळूबद्दल काहीच हमी नाही. मोठे पार्टी स्पीकर बहुतेक याच वर्गातले.

ही चाचणी गोड्या पाण्यात होते. खारं पाणी चार्जिंगच्या पिना खातं. किनाऱ्यावरून आल्यावर झाकण घट्ट बंद करून गोड्या पाण्याने हलकेच धुवा (आयपी ६७ असेल तरच), एक दिवस सावलीत सुकू द्या, मगच चार्जर लावा. घेताना त्या रबरी झाकणावर नख फिरवून बघा. ते सैल असेल तर खोक्यावरच्या आकड्याचा भरवसा धरू नका.

प्रश्न : आठ महिन्यांचा स्पीकर काही ठरावीक सुरांवर ‘फर्रर’ करतो. वूफर गेला का? (वाचक, नाशिक)

‘ठरावीक सुरांवर’ म्हणालात हे चांगलं लक्षण आहे. टोन जनरेटरवर तो सूर शोधा, समजा ११० हर्ट्झ. तो मध्यम आवाजात काही काही सेकंदच लावत, मध्ये थांबत तळहाताने जाळी, हँडल, चाकं, मागचं पॅनेल एकेक करून दाबा. दाबताच फर्रर थांबली ती जागा ढिली. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) खोक्यात जोर लावू नका, आटे निघतात. जाळीखाली फोमची पातळ पट्टी घातली की काम होतं.

हवा गळत असेल तरही असाच आवाज येतो. ५० हर्ट्झचा सूर हळू लावून जोडांपाशी पेटती उदबत्ती धरा, स्पीकरच्या कापडाला आणि कागदाला निखारा लागणार नाही इतकी दूर. धूर जिथे थरथरतो तिथे फट आहे. पोर्टपाशी तो हलणारच, ते सोडून द्या.

फर्रर सगळ्याच खालच्या सुरांना, हळू आवाजातही येत असेल तर दुखणं आतलं आहे. स्पीकर बंद करा, जाळी काढा, दोन्ही अंगठे कोनच्या समोरासमोरच्या कडांवर ठेवून तीन-चार मिलिमीटर सरळ आत दाबा. खरखर जाणवली तर कॉईल मॅग्नेटला घासते आहे; ती बहुधा तापून वाकलेली असते आणि वूफर बदलणं किंवा नवीन कॉईल बसवणं हाच उपाय. कोनभोवतीची रबरी कड सुटली असेल तर रबरासारखा लवचिक राहणारा गोंद लावा. झटपट चिकटणारा गोंद कडक होतो आणि कड पुन्हा तडकते. वॉरंटी चालू असेल तर मात्र यातलं जाळीच्या आतलं काहीही घरी करू नका. कंपनीकडे न्या आणि नेमका कोणत्या हर्ट्झला आवाज येतो ते लिहून द्या. नुसतं ‘आवाज येतो’ म्हटलं की तपासणारा एक गाणं लावून ‘ठीक आहे’ म्हणत परत पाठवतो.

प्रश्न : सोसायटीच्या आवारात असा स्पीकर किती वाजेपर्यंत आणि किती मोठ्याने लावता येतो? (सोसायटीच्या सचिव, डोंबिवली)

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस जाहीर होतात. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि खासगी स्पीकरचा आवाज तुमच्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. रुग्णालय, शाळा, न्यायालय १०० मीटरच्या आत असेल तर तो भाग सरकारने शांतता विभाग म्हणून जाहीर केलेला असू शकतो. तिथले नियम अधिक कडक. खालचे सूर भिंतींतून जातात, त्यामुळे बेस दोन पायऱ्या कमी करून स्पीकर भिंतीपासून दूर, मैदानाकडे तोंड करून ठेवला तरी वरच्या मजल्यांचा त्रास बराच कमी होतो.

प्रश्न : जवळपास दुकान नाही, ऑनलाइनच घ्यावा लागेल. ऐकल्याशिवाय कसा निवडू? (वाचक, गडचिरोली)

वजन आधी बघा. मोठं मॅग्नेट, जाड खोकं आणि दमदार बॅटरी यांना वजन असतंच. १० इंची वूफर सांगणारा स्पीकर चार किलोचा असेल तर काहीतरी वाचवलेलं आहे. वूफरचा व्यास, वॅट-तास, आरएमएस आणि संवेदनशीलता यांपैकी काय काय लिहिलं आहे ते मोजा. पीएमपीओ सोडून दुसरं काही दिलेलंच नसेल तर पुढे चला.

ब्लूटूथ स्पीकरला भारतात बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडे असा क्रमांक स्पीकरवर छापलेला असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर माल परत करा.

परत करायची मुदत किती दिवसांची ते वाचून घ्या आणि स्पीकर आल्या दिवशीच तपासा: पूर्ण चार्ज, वर सांगितलेली तीन गाणी, ४० ते २०० हर्ट्झचा सूर, कागदाच्या नळीने प्रत्येक गोल, माईक असेल तर ‘पांडुरंग’. या सगळ्याचा फोनवर व्हिडिओ काढा, खोकं फोडतानाचाही. खोकं आणि आतला थर्माकोल मुदत संपेपर्यंत टाकू नका. चाकांचा जड स्पीकर नुसत्या पुठ्ठ्यात परत पाठवला तर वाटेत त्याची जाळी आणि चाकं मोडतात आणि दोष तुमच्या माथी येतो.